दप्तर दिरंगाई

दप्तर दिरंगाई म्हणजे शासकीय कार्यालयात आलेल्या प्रकरणावर निर्णय घेण्यास किंवा कार्यवाही करण्यास होणारा टाळता येण्याजोगा विलंब होय. महाराष्ट्रात त्यास आळा घालणारी तरतूद ‘महाराष्ट्र शासकीय कर्मचाऱ्यांच्या बदल्यांचे विनियमन आणि शासकीय कर्तव्ये पार पाडताना होणाऱ्या विलंबास प्रतिबंध अधिनियम, २००५’ यात आहे. हा अधिनियम १ जुलै २००६ पासून अमलात आला. एवढे लांब नाव कोणी उच्चारत नाही; ‘बदल्यांचा कायदा’ किंवा ‘दप्तर दिरंगाई कायदा’ हीच नावे रूढ आहेत. अण्णा हजारे यांनी माहितीच्या अधिकाराबरोबरच या कायद्याचीही मागणी लावून धरली होती.

मुदती

कलम १० नुसार कोणतीही नस्ती एका कर्मचाऱ्याकडे सर्वसाधारणपणे ७ कामकाजाच्या दिवसांपेक्षा जास्त काळ राहू नये. ‘तात्काळ’ नस्ती शक्यतो त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी, तर ‘तातडीची’ नस्ती ४ दिवसांत निकाली काढावयाची असते. दुसऱ्या विभागाकडे पाठवण्याची गरज नसल्यास ४५ दिवसांत, गरज असल्यास ३ महिन्यांत निर्णय अपेक्षित असतो. हेतुपुरस्सर विलंब हा कर्तव्यातील कसूर ठरून शिस्तभंगाची कारवाई होऊ शकते. न्यायप्रविष्ट प्रकरणांना या मुदती लागू होत नाहीत.

सात दिवसांची मुदत प्रत्येक टेबलाची स्वतंत्र आहे, हे येथे महत्त्वाचे. त्रुटी काढून नस्ती परत पाठवली की त्या टेबलावरचा विलंब संपतो. अर्जदाराचा संपत नाही.

सहा गठ्ठे पद्धत

कामाचा क्रम लावण्यासाठी महाराष्ट्रातील कार्यालयांत सहा गठ्ठे पद्धत वापरतात. प्रलंबित प्रकरणे, प्रतीक्षाधीन प्रकरणे, नियतकालिके, स्थायी आदेश, अभिलेख कक्षात पाठवावयाची प्रकरणे आणि नष्ट करावयाचे ‘ड’ वर्गाचे कागद असे दप्तराचे सहा भाग केले जातात. शेवटचे दोन गठ्ठे वेळेवर हलवले, तर टेबलावर चालू कामच उरते. खरी कसोटी दुसऱ्या गठ्ठ्याची. इतरांचे उत्तर येईपर्यंत थांबलेली प्रकरणे त्यात असतात, आणि स्मरणपत्र पाठवणे हे कोणालाच तातडीचे काम वाटत नाही. टाळलेले काम येथे नियमानुसार ठेवलेले दिसते.

यवतमाळ जिल्ह्यातील संदर्भ

कापूस आणि सोयाबीन पिकवणाऱ्या, मुख्यतः कोरडवाहू शेतीच्या या जिल्ह्यात १६ तालुके आहेत. पावसाळा सुरू झाला की पीककर्जाचे दाखले, पिकांच्या नोंदी आणि अतिवृष्टीचे पंचनामे अशी कामे महसूल यंत्रणेकडे एकाच वेळी येतात. त्यांतील प्रत्येक तातडीचे असल्याने केवळ ‘तातडीचे’ हा शेरा क्रम ठरवण्यास पुरत नाही.

शेतकरी आत्महत्येनंतर कुटुंबाला द्यावयाच्या १ लाख रुपयांच्या शासकीय मदतीचे प्रकरण याचे ठळक उदाहरण आहे. त्यासाठी सातबारा, पोलिसांचा पंचनामा, शवविच्छेदन अहवाल आणि कर्जाची माहिती लागते. म्हणजे महसूल, पोलीस, रुग्णालय आणि बँक अशा वेगवेगळ्या ठिकाणांहून कागद यावे लागतात. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील समिती प्रकरण पात्र किंवा अपात्र ठरवते अथवा चौकशीसाठी प्रलंबित ठेवते. अपात्र ठरलेल्या कुटुंबाला निदान उत्तर तरी मिळते. प्रलंबित प्रकरणातील कुटुंबाला मात्र पुढच्या बैठकीची वाट पाहत नवा हंगाम उभा करावा लागतो, आणि बियाणे-खतांचा खर्च त्या बैठकीसाठी थांबत नाही.