स्लॅबमध्ये दगडाची सळई? आधी हे समजून घ्या

मुरूड, श्रीवर्धनकडे आखातातल्या कमाईवर घरं उभी राहतात आणि काही वर्षांतच स्लॅबचे पोपडे पडू लागतात. खाऱ्या हवेतलं मीठ काँक्रीटमध्ये शिरतं, लोखंडी सळई गंजून फुगते आणि काँक्रीट फोडते.

म्हणून आता बेसॉल्टच्या सळईचं नाव निघतं. बेसॉल्ट म्हणजे आपल्या सह्याद्रीचा काळा कातळ. तो सुमारे १४५० अंशांवर वितळवून तंतू ओढतात आणि रेझिनमध्ये बसवून सळई करतात. ती गंजत नाही, वजनाला लोखंडाच्या जेमतेम पाव.

मग अडचण काय? ती साइटवर वाकवता येत नाही. ताणाखाली लोखंडापेक्षा जास्त लांबते, त्यामुळे स्लॅब झुकू शकतो. तुटताना आधी इशारा देत नाही. आगीत रेझिन मऊ पडतं. म्हणून नुसत्या मिस्त्रीच्या शब्दावर कॉलम-बीममध्ये लोखंडाऐवजी ती घालू नका. त्यासाठी स्ट्रक्चरल इंजिनिअरचं वेगळं डिझाइन लागतं.

लोखंडच वापरणार असाल, तर आयएस ४५६ प्रमाणे किनाऱ्यावरच्या उघड्या काँक्रीटला किमान एम-३० दर्जा आणि ४५ मिलिमीटर कव्हर हवं. समुद्राची वाळू, खारं पाणी अजिबात नको. हलाल कमाई घरात ओतताना इंजिनिअरची फी वाचवू नका.