‘देतो’ म्हटलं, आता माघार घेता येईल?

मार्च 1951 मध्ये विनोबा भावे वर्ध्याजवळच्या पवनारहून पायी निघाले. 18 एप्रिलला तेलंगणातल्या पोचमपल्लीत भूमिहीनांनी त्यांच्याकडे 80 एकर मागितले. विनोबांनी गावालाच विचारलं, कोणी देतं का? रामचंद्र रेड्डी उठले, म्हणाले, शंभर देतो. भूदान सुरू झालं ते असं, तोंडी शब्दावर. पुढे हा आकडा चाळीस लाख एकरांवर गेला.

पण भर सभेत ‘देतो’ म्हणालेल्याच्या घरी दुसऱ्या दिवशी भावानं हरकत घेतली, किंवा दुष्काळ पडला, तर?

आपल्या 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यापुढे नुसत्या शब्दाला किंमत नाही. जमिनीचं बक्षीसपत्र नोंदवावं लागतं, दोन साक्षीदार लागतात. म्हणून भूदानासाठी वेगळे कायदे झाले. उत्तर प्रदेशच्या 1952 च्या कायद्यात दानपत्र तहसीलदाराकडे जाई, हरकती मागवल्या जात, चौकशी होई, आणि ते कायम झालं की जमीन दात्याच्या हातून सुटे.

ज्यू धर्मशास्त्राचा न्याय अगदी उलटा. तिथे दान बोलणं म्हणजे नवस बोलणं: शब्द निघाला की माणूस बांधला गेला. अगदीच नड असेल तर जाणत्या धर्मपंडितापुढे किंवा तीन साध्या माणसांपुढे जाऊन त्यातून सुटका मागता येते.

खरी गंमत पुढे आहे. ‘परिस्थिती बदलली’ एवढं म्हणून भागत नाही! सुमारे 1800 वर्षांपूर्वीच्या मिश्ना या ग्रंथातलं उदाहरण पाहा. एकानं शपथ घेतली, त्या घरात पाऊल टाकणार नाही. पुढे त्याच घराचं प्रार्थनास्थळ झालं. ‘हे माहीत असतं तर शपथच घेतली नसती,’ तो म्हणाला. रब्बी एलिएझर सोडायला तयार होते. बाकीचे पंडित नाही म्हणाले. कारण सुटका मागे जाऊन लागू होते, जणू शपथ घेतलीच नव्हती. मग कारणही त्या क्षणी मनात येऊ शकेल असंच हवं. नेहमी घडणारी अडचण चालते, ध्यानीमनी नसलेली नाही. म्हणजे चौकशी आजच्या अडचणीची नसते, शब्द दिला त्या वेळच्या मनाची असते.

एका जागी मात्र दोन्ही कायदे भेटतात. पैसे दानाच्या कारभाऱ्याच्या हाती पडले की ज्यू शास्त्रातही सुटकेची वाट बंद, दानपत्र कायम झालं की इथेही. त्यापुढे प्रश्न दात्याच्या शब्दाचा उरत नाही. माल गरिबाचा झालेला असतो.