मालगुडी परत कर्नाटकात आणणारा दिग्दर्शक

‘गाइड’ हा देव आनंदचा चित्रपट १९६५ साली आला आणि गाजला. मूळ कादंबरीचे लेखक आर. के. नारायण मात्र त्यावर नाराजच राहिले. चित्रपटाच्या मंडळींना त्यांनी आधी म्हैसूरच्या आसपास फिरवलं होतं. आपल्या मालगुडी या काल्पनिक गावातली नदी, देऊळ, गल्ल्या कुठल्या जागांवरून सुचल्या ते दाखवलं होतं. प्रत्यक्ष चित्रीकरण झालं ते राजस्थानात. ‘मिसगायडेड गाइड’ या लेखात नारायण यांनी हा सगळा मनस्ताप लिहून ठेवला आहे.

त्यानंतर वीसेक वर्षांनी निर्माते टी. एस. नरसिंहन यांनी नारायण यांच्या कथा दूरदर्शनवर आणायचं ठरवलं, तेव्हा त्यांनी दिग्दर्शक निवडला तो तिशीतला शंकर नाग. त्याने पहिलं काम केलं ते मालगुडीला तिच्या मुलखात परत नेण्याचं. ‘मालगुडी डेज’ या मालिकेची थोरवी तिच्या शीर्षकधुनीत किंवा गोड छोट्या स्वामी या बालनायकात जेवढी आहे, त्याहून जास्त या एका निर्णयात आहे.

शंकर नाग म्हणजे शंकर नागरकट्टे. त्यांचा जन्म ९ नोव्हेंबर १९५४चा, होन्नावर परिसरातला. हा उत्तर कन्नड जिल्हा तेव्हा मुंबई राज्यात होता. १९५६च्या राज्यपुनर्रचनेत तो म्हैसूर राज्याकडे गेला. घरची भाषा कोकणी. मोठे भाऊ अनंत नाग मुंबईच्या रंगभूमीवर आधीच रमले होते. शिक्षण आटोपून शंकरही मुंबईला आले आणि मराठी नाटकांच्या तालमींत रुळले. अरुंधती राव या अभिनेत्रीशी त्यांची ओळख झाली तीही एका नाटकाच्या तालमीत. पुढे दोघांनी लग्न केलं.

मराठीचा हा धागा वरवरचा नव्हता. चापेकर बंधूंवरचा ‘२२ जून १८९७’ हा नचिकेत आणि जयू पटवर्धन यांचा चित्रपट मराठी रसिकांना ठाऊक आहे. त्याच्या पटकथेवर नचिकेत पटवर्धनांबरोबर शंकर नाग यांचं नाव आहे आणि संवाद विजय तेंडुलकरांचे आहेत. शंकर बंगळूरला गेले तेव्हाही मराठी नाटक त्यांच्याबरोबर गेलं. त्यांच्या ‘संकेत’ या संस्थेने गिरीश कार्नाडांच्या ‘अंजु मल्लिगे’पासून सुरुवात केली आणि पुढे जयवंत दळवींची ‘बॅरिस्टर’ आणि ‘संध्याछाया’ ही नाटकं कन्नडमध्ये उभी केली. दळवींच्या घरांतली दबलेली माणसं, त्यांचं न बोललेलं दुःख हाताळलेला दिग्दर्शक पुढे नारायण यांच्या कथांपाशी आला, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

कन्नड पडद्यावर त्यांना आणलं कार्नाडांनीच. ‘ओंदानोंदु कालदल्ली’ या १९७८च्या चित्रपटावर अकिरा कुरोसावाच्या सामुराईपटांची छाप होती. त्यातल्या भाडोत्री लढवय्याच्या भूमिकेसाठी शंकर नाग यांना दिल्लीच्या आंतरराष्ट्रीय महोत्सवात सर्वोत्तम अभिनेत्याचा पुरस्कार मिळाला. मग ‘ऑटो राजा’ आला आणि कर्नाटकातल्या रिक्षावाल्यांनी त्यांना कायमचं आपलं मानलं. आजही बंगळूरच्या रिक्षांच्या पाठीवर त्यांचं चित्र दिसतं. बारा वर्षांत ऐंशीच्या वर चित्रपटांत भूमिका केल्या. त्यात धंदेवाईक मारधाडपट पुष्कळ होते. पण त्याच काळात ‘मिंचिन ओट’, ‘गीता’ आणि राष्ट्रीय पुरस्कार मिळालेला ‘अ‍ॅक्सिडेंट’ हे चित्रपट त्यांनी दिग्दर्शित केले. फुटपाथवर झोपलेल्यांना गाडीखाली चिरडणारा राजकारण्याचा मुलगा आणि त्याला वाचवायला धावणारी सत्ता हा ‘अ‍ॅक्सिडेंट’चा विषय आजही जुना झालेला नाही.

दूरदर्शनवर प्रायोजित मालिकांचं युग ‘हम लोग’ने १९८४ साली सुरू केलं होतं. ‘हम लोग’ असो की ‘बुनियाद’, या मालिकांतली घरं, बोली आणि आठवणी उत्तरेतल्या होत्या. १९८६ साली ‘मालगुडी डेज’ आली, ती मात्र शिमोगा जिल्ह्यातल्या आगुंबे गावातून. सह्याद्रीच्या माथ्यावरच्या या गावात वर्षाला सात हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. तिथलं ‘दोड्ड मने’ म्हणजे थोरलं घर, त्याचा चौक, त्याचे लाकडी खांब, पुढची ओसरी. हे स्वामीचं घर झालं. गावाचा रस्ता मालगुडीचा रस्ता झाला. कलादिग्दर्शक जॉन देवराज आणि छायालेखक एस. रामचंद्र यांनी १९३०च्या सुमाराचं गाव उभं केलं, पण ते नवं कोरं दिसू दिलं नाही. भिंतींवर ओल आहे, कौलांवर शेवाळ आहे, उन्हात हिरवी झाक आहे. रेल्वे स्थानकासाठी त्याच जिल्ह्यातलं अरसाळू निवडलं गेलं. २०२० साली तिथे रेल्वेने मालगुडी संग्रहालय उघडलं.

मालिका हिंदी, सुरुवातीचे भाग हिंदीबरोबर इंग्रजीतही केलेले. माणसं मात्र बहुतेक कन्नड रंगभूमीची. स्वामीच्या वडिलांच्या भूमिकेत कार्नाड, आईच्या भूमिकेत वैशाली कासरवळ्ळी, मिठाईवाल्या जगनच्या भूमिकेत अनंत नाग, शिवाय रमेश भट यांच्यासारखे ‘संकेत’चे सहकारी. विष्णुवर्धनसारखा कन्नडचा बडा नट ‘महिना पंचेचाळीस रुपये’ या कथेत कारकून झाला. मुलीला सिनेमाला न्यायचं वचन दिलेला हा बाप कचेरीतून सुटत नाही, चिडून राजीनामा लिहितो आणि पाच रुपये पगारवाढ मिळताच तो फाडून टाकतो. घरी लेक नटूनथटून वाट पाहून झोपी गेलेली असते. इथे आवाज चढवण्याचा मोह कुणालाही झाला असता. शंकर नाग यांनी तो टाळला.

हीच त्यांची खरी पद्धत. नारायण यांच्या कथेत कुणी खलनायक नसतो, त्यामुळे मालिकावाल्यांच्या नेहमीच्या युक्त्या तिथे चालत नाहीत. पोस्टमन थनप्पाचंच बघा. ज्या घरी लग्न आहे त्या घरी आलेली मृत्यूची तार तो दडवून ठेवतो, कारण तो मुहूर्त हुकला तर मुलीचं लग्नच लांबणार असतं. गुन्हा तर आहे, पण माया त्याहून मोठी आहे. जत्रेतल्या सोडतीत रोडरोलर जिंकून फसलेल्या माणसाच्या कथेत हसू आहे आणि त्या हशाखाली कर्जाची धास्तीही आहे. जेमतेम बावीस-तेवीस मिनिटांच्या भागात हे दोन्ही धरणं कठीण. तालमी करून आलेली, एकमेकांची लय ओळखणारी नटमंडळी हाताशी होती म्हणून ते जमलं. ‘द व्हेंडर ऑफ स्वीट्स’चे भाग त्या मानाने संथ वाटतात, सुट्या कथांत हा दिग्दर्शक जास्त खुलतो.

आर. के. लक्ष्मण यांची रेखाचित्रं आणि एल. वैद्यनाथन यांचं संगीत यांनी मालिकेला चेहरा दिला. धाकट्या भावाने थोरल्या भावाच्या गावाची चित्रं काढावीत, हा योगही सुंदर. ‘गाइड’ने दुखावलेल्या नारायण यांना ही मालिका पसंत पडली, ही या कामाची सर्वांत मोठी पावती. स्वामी झालेला मास्टर मंजुनाथ पुढे ‘अग्निपथ’मध्ये मांडव्याच्या मास्तरांचा मुलगा, लहानगा विजय दीनानाथ चव्हाण म्हणून मराठी घरांत पुन्हा ओळखीचा झाला.

शंकर नाग यांनी केलेले भाग एकूण ३९. मधल्या काळात बंगळूरला त्यांनी ‘संकेत’ याच नावाचा ध्वनिमुद्रण स्टुडिओ उभारला, कारण कन्नड चित्रपटांना ध्वनीच्या कामासाठी मद्रासला जावं लागत असे. राजकुमार यांना घेऊन ‘ओंदु मुत्तिन कथे’ केला. नाटक चालूच होतं. कार्नाडांचं ‘नागमंडल’ही ‘संकेत’ने रंगमंचावर आणलं.

३० सप्टेंबर १९९० रोजी ‘जोकुमारस्वामी’च्या चित्रीकरणासाठी जाताना दावणगेरेजवळ अनगोडू गावापाशी त्यांच्या गाडीला अपघात झाला. शंकर नाग गेले. वय अवघं पस्तीस. गाडीत अरुंधती आणि लहान मुलगीही होती; त्या वाचल्या. अरुंधती यांना गंभीर दुखापती झाल्या होत्या, तरी त्या रंगभूमीवर परतल्या.

२००६ साली कविता लंकेश यांनी ‘मालगुडी डेज’चे आणखी पंधरा भाग केले. त्याच्या दोन वर्षं आधी, २००४ साली, बंगळूरच्या जे. पी. नगरात ‘रंगशंकर’ हे नाट्यगृह उघडलं होतं. अरुंधती नाग यांनी वर्षानुवर्षं निधी गोळा करून ते बांधलं. तिथे कन्नडबरोबर इतर भाषांतली नाटकंही होतात, तिकीट परवडेल असं ठेवलं जातं आणि ठरल्या वेळी पडदा उघडला की उशिरा आलेल्याला, तो कितीही मोठा असो, आत सोडलं जात नाही.