दक्षिण कोकण मोजणारा लष्करी अभियंता

जाफना येथे २ ऑगस्ट १७९६ रोजी जन्मलेला थॉमस बेस्ट जर्विस हा ईस्ट इंडिया कंपनीच्या ‘बॉम्बे इंजिनिअर्स’ या लष्करी अभियंत्यांच्या दलातील अधिकारी होता. १८१८ मध्ये पेशवाई संपून कोकण कंपनीकडे आल्यावर त्याने पुढील वर्षापासून सुमारे दशकभर दक्षिण कोकणची त्रिकोणमितीय मोजणी केली. या पद्धतीत एकच आधाररेषा जमिनीवर काटेकोर मोजतात आणि पुढची अंतरे डोंगरमाथ्यांवरून घेतलेल्या कोनांवरून गणिताने काढतात. वाशिष्ठी व शास्त्री यांच्या खाड्यांमधला गुहागरचा मुलूख याच टापूतला. सडे, दाट रान आणि पाऊस ध्यानात घेतला, तर हे काम कचेरीत बसून होणारे नव्हते, हे उघड आहे. कोकणावरील त्याचा भौगोलिक व सांख्यिकीय वृत्तांत १८४० मध्ये प्रसिद्ध झाला. जॉर्ज एव्हरेस्टनंतरचा सर्व्हेअर जनरल, म्हणजे भारतातील मोजणी खात्याचा प्रमुख, म्हणून १८३७ मध्ये त्याची निवड झाली होती. परंतु एव्हरेस्ट १८४३ मध्ये निवृत्त होईपर्यंत जर्विसनेही नोकरी सोडलेली असल्याने ते पद त्याला लाभले नाही. १८५५ मध्ये ब्रिटिश युद्धखात्याच्या नव्या नकाशा व सांख्यिकी विभागाचा तो पहिला संचालक झाला आणि ३ एप्रिल १८५७ रोजी त्याचे निधन झाले.