साइट बंद नाही, तारीख आली नाही

कोहमारा चौकात नागपूर-रायपूर महामार्गाला गोंदियाचा रस्ता येऊन मिळतो. इथं गाडी चालवता येणं ही हौस नव्हे, रोजची गरज. लायसन्स देणारं कार्यालय मात्र चाळीसेक किलोमीटरवर गोंदियाला, एमएच ३५ चं. त्यामुळे परमनंटच्या टेस्टची तारीख मिळेना, की ऑनलाईन सेंटरवर दोनच निदानं ऐकू येतात : 'साइट बंद आहे' आणि 'एजंटाशिवाय नंबर लागत नाही'. दोन्ही बहुतेक वेळा चुकीची असतात.

लायसन्सचे अर्ज ज्यावर होतात ते सारथी पोर्टल अडतं ते बऱ्याचदा कायद्यावर बोट ठेवून. लर्निंग निघाल्यापासून किमान ३० दिवस झाल्याशिवाय टेस्ट देता येत नाही, हा केंद्रीय मोटार वाहन नियमांमधला नियम. म्हणजे विसाव्या दिवशी कितीही वेळा बटण दाबलं, तरी उपयोग शून्य. याच्या उलटा गैरसमज अधिक महागात पडतो. लर्निंग सहा महिने चालतं, मग घाई कशाला? आपल्या धानाच्या पट्ट्यात हे सहा महिने कसे सरतात ते आठवून पाहा. जूनमध्ये लर्निंग काढलं, मग रोवणी आली, मग कापणी-मळणी, आणि डिसेंबर उजाडला. शेवटच्या आठवड्यातली तारीख मिळाली आणि नापास झालात, तर पुढची टेस्ट सात दिवसांनंतरच. तोवर लर्निंगच संपलेलं, म्हणजे सगळं पहिल्यापासून. म्हणून ३० दिवस झाले की लगेच अर्ज टाकावा, हे बरं.

'पैसे भरले, तरी स्लॉट उघडत नाही' ही दुसरी तक्रार. इथं क्रम पाहावा लागतो : आधी परमनंटचा अर्ज, मग कागदपत्रं, मग फी, आणि शेवटी स्लॉट. मधली एक पायरी अर्धवट राहिली की पुढचं दार उघडत नाही. कुठे अडलं ते 'ॲप्लिकेशन स्टेटस'मध्ये दिसतं. अनेकजण तिथं लर्निंगच्या वेळचा अर्ज क्रमांक टाकतात आणि 'माहितीच नाही म्हणते' असं सांगत परततात. परमनंटच्या अर्जाला नवा क्रमांक मिळतो, तो टाकायचा.

खात्यातून पैसे गेले, पण पावती आली नाही, तर घाबरून पुन्हा भरू नका. फीच्याच विभागात 'व्हेरिफाय पे स्टेटस' आहे, तिथं आधी तपासा. रक्कमही माहीत असावी. केंद्राच्या दरांप्रमाणे टेस्टचे वाहनाच्या प्रत्येक वर्गाला ३०० रुपये आणि लायसन्सचे २०० रुपये. त्यावर राज्याचं काही शुल्क असेल तर ते पावतीवर दिसतं; पावतीबाहेरचं जे काही, ती मध्यस्थाची मजुरी.

आता एजंट. त्याच्याकडे स्लॉटचा राखीव साठा असतो, हा समज गावोगावी पक्का आहे. तोही तुमचाच अर्ज क्रमांक आणि जन्मतारीख टाकून तेच पान उघडतो. फरक इतकाच की त्याला क्रम पाठ असतो. मी त्याला सरसकट खलनायक ठरवणार नाही. ज्याची दिवसाची मजुरी बुडते आणि ज्याला फॉर्म भरता येत नाही, त्याचं काम तो करून देतो. फक्त अर्जात मोबाईल नंबर तुमचाच घाला. त्याचा नंबर घातला, की प्रत्येक ओटीपीसाठी त्याच्या दारात उभं राहणं आलं.

जून २०२१ पासून महाराष्ट्रात आधारच्या साहाय्याने लर्निंग घरबसल्या मिळू लागलं. त्यावरून 'परमनंटही घरीच' असं काहींनी धरलं. ते तसं नाही, टेस्ट समोरासमोरच होते. २०२४ च्या मे-जूनमध्ये आणखी एक बातमी व्हॉट्सॲपवर धावली : १ जूनपासून आरटीओची टेस्टच रद्द, ड्रायव्हिंग स्कूलचं सर्टिफिकेट पुरे. केंद्रीय मंत्रालयाला खुलासा करावा लागला की त्या तारखेला असा कुठलाही बदल होणार नव्हता. सवलत मिळते ती फक्त मान्यताप्राप्त चालक प्रशिक्षण केंद्रातून उत्तीर्ण झालेल्याला, आणि तो नियम १ जुलै २०२१ पासूनचा. साध्या ड्रायव्हिंग स्कूलचा फॉर्म ५ आणि त्या केंद्राचा फॉर्म ५-बी हे वेगवेगळे कागद आहेत.

'आपल्या जिल्ह्याबाहेर टेस्ट देताच येत नाही' हेही अर्धसत्य. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कायदा म्हणतो की राज्यातल्या कोणत्याही परवाना प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. पण स्लॉट मिळतो तो अर्जात निवडलेल्या कार्यालयाचाच. तेव्हा गोंदिया की भंडारा, हे अर्ज भरतानाच ठरवा.

शेवटी गाडीचं. लर्निंग 'विदाऊट गिअर'चं आणि टेस्टला भावाची गिअरची मोटारसायकल, अशी जोडी चालत नाही. दुचाकी आणि कार दोन्ही हवं असेल, तर दोन्ही वर्गांचा स्लॉट घेतला आहे ना, ते अपॉइंटमेंटच्या पावतीवर वाचा. गाडीचं आरसी, विमा आणि पीयूसी चालू असावेत. ठरलेल्या दिवशी जमणार नसेल, तर पोर्टलवरून स्लॉट आधीच रद्द करता येतो. नापास झालात तर सात दिवसांनी पुन्हा, फी पुन्हा. तीनदा नापास झालात, तर शेवटच्या टेस्टपासून ६० दिवस थांबावं लागतं.