पेशींच्या अंगावरची साखर

तुमचा रक्तगट कोणता, असं कुणी विचारलं तर आपण चटकन सांगतो: 'ए', 'बी', 'एबी' किंवा 'ओ'. पण हे गट वेगळे कशामुळे ठरतात? 'ए' गटाच्या आणि 'बी' गटाच्या माणसाचं हिमोग्लोबिन सारखंच असतं, लोहही तेच. फरक आहे तो साखरेचा.

साखर म्हणजे इथे चहात घालतो ती नव्हे, तर तिच्या गोतातल्या इतर शर्करा. तांबड्या रक्तपेशीच्या पृष्ठभागावर या शर्करांच्या लहान लहान साखळ्या उभ्या असतात. साखळीच्या टोकाजवळ फ्यूकोज नावाची शर्करा असते. एवढंच असेल तर गट 'ओ'. त्यावर गॅलॅक्टोज नावाची आणखी एक शर्करा चढली तर गट 'बी'. गॅलॅक्टोजऐवजी तिचीच एक बहीण, एन-अॅसिटाइलगॅलॅक्टोसामाइन, येऊन बसली तर गट 'ए'. या एका मण्याच्या फरकावर रक्त चालणार की नाही, हे ठरतं.

आणि फ्यूकोजही नसेल तर? अशी माणसं आहेत. १९५२ मध्ये डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत हा रक्तगट शोधला, म्हणून जगभर त्याला 'बॉम्बे रक्तगट' म्हणतात. भारतात साधारण दहा हजारांत एकाचा हा गट असावा असा अंदाज आहे. नेहमीच्या तपासणीत तो 'ओ' वाटतो. पण अशा रुग्णाला 'ओ' गटाचं रक्त दिलं, तर त्याच्या शरीरातील प्रतिपिंडं त्या फ्यूकोजवाल्या पेशींवर तुटून पडतात आणि रुग्णाच्या जिवावर बेततं. त्याला फक्त बॉम्बे गटाच्याच दात्याचं रक्त चालतं.

रक्तपेशींचीच ही गोष्ट नाही. आपल्या प्रत्येक पेशीवर शर्करांचं असं दाट आवरण असतं. फ्लूचा विषाणू श्वासनलिकेतल्या पेशीला चिकटतो, तो तिच्यावरच्या सियालिक आम्ल नावाच्या शर्करेला धरून. पेशीत वाढून बाहेर पडताना हीच शर्करा त्याला पकडून ठेवते. तेव्हा तो एका विकराने ती कापतो आणि सुटतो. २००९ च्या साथीत पुण्यात घरोघरी माहीत झालेलं टॅमीफ्लू हे औषध नेमकं या विकराला अडवतं. विषाणूचं नाव आपण 'एच-१ एन-१' असं घेतो ना? त्यातला 'एच' म्हणजे ही शर्करा धरणारं प्रथिन आणि 'एन' म्हणजे ती कापणारं विकर.

इतकं महत्त्वाचं हे आवरण, मग त्याचा अभ्यास मागे का राहिला? कारण ते दिसत नव्हतं. प्रथिनांचं तसं नाही. प्रत्येक प्रथिनाचा आराखडा एखाद्या जनुकात लिहिलेला असतो. त्या जनुकाला जेलीफिशमधल्या हिरव्या चमकणाऱ्या प्रथिनाचं जनुक जोडलं, की हवं ते प्रथिन पेशीत चमकू लागतं. शर्करांच्या साखळीचा असा आराखडा कुठेच लिहिलेला नसतो. पेशीतली अनेक विकरं एकामागून एक मणी जोडत ती तयार करतात. मग दिवा लावायचा कुठे?

यावर उपाय शोधला कॅरोलिन बर्टोझी या अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ महिलेने. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले इथल्या प्रयोगशाळेत त्या काम करत होत्या. एका जर्मन शास्त्रज्ञाने किंचित बदललेली शर्करा पेशींना खाऊ घातली होती आणि पेशींनी ती सियालिक आम्लात मुकाट्याने वापरली होती. बर्टोझींना यात वाट दिसली.

कल्पना करा, विणकराच्या सुतात आपण एक वेगळा धागा मिसळला. दिसायला इतरांसारखाच, पण एका ठरावीक रंगात बुडवला की तेवढाच रंगणारा. विणकर तो नकळत विणून टाकेल. मग कापड रंगात बुडवलं, की तो धागा कुठे कुठे गेला ते उघड होईल.

हे सांगायला सोपं. पण पेशी म्हणजे हजारो रसायनांची गजबजलेली बाजारपेठ. खूण अशी हवी की पेशीला तिची अडचण वाटू नये आणि रंग असा हवा की तो खुणेखेरीज दुसऱ्या कशालाही चिकटू नये. शिवाय हे सगळं पाण्यात, शरीराच्या तापमानाला, पेशी जिवंत असताना घडायला हवं. अशा रसायनशास्त्राला बर्टोझींनी २००३ मध्ये 'बायोऑर्थोगोनल' हे नाव दिलं. सजीवाच्या व्यवहारात लुडबुड न करणारं, असा त्याचा अर्थ.

खूण म्हणून त्यांनी निवडला अॅझाइड: नायट्रोजनच्या तीन अणूंचा चिमुकला गट. शरीरात तो एरवी आढळत नाही. हरमान श्टाउडिंगर यांनी १९१९ मध्येच अॅझाइड आणि फॉस्फरसयुक्त रेणू यांची अभिक्रिया नोंदवली होती. पण तिच्यात तयार होणारा दुवा पाण्यात तुटत असे. बर्टोझींनी फॉस्फरसयुक्त रेणूत बदल करून तो टिकाऊ केला आणि २००० मध्ये पेशींवरची शर्करा चिन्हांकित करून दाखवली.

तरी ही अभिक्रिया संथ होती. २००२ मध्ये मॉर्टेन मेल्डाल आणि बॅरी शार्पलेस यांनी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, तांब्याच्या मदतीने अॅझाइड झटपट जोडण्याची रीत शोधली. पण तांबं पेशींना विषारी. तेव्हा बर्टोझींनी तांब्याऐवजी ताण वापरला. कार्बनच्या दोन अणूंमधला तिहेरी बंध सरळ राहू पाहतो. त्याला आठ अणूंच्या कड्यात कोंबलं, की तो वाकवलेल्या वेताच्या छडीसारखा ताणून राहतो. अॅझाइड भेटताच तो ताण सुटतो आणि दोघे जोडले जातात. हे २००४ मध्ये साधलं.

२००८ मध्ये झेब्राफिश या माशाच्या पारदर्शक गर्भात हा प्रयोग झाला. गर्भाला अॅझाइड लावलेली शर्करा दिली. शर्करा कोणती? 'ए' रक्तगट ठरवते तिचंच हे रूप. ठरावीक वेळांनी वेगवेगळे रंग वापरल्यामुळे कोणत्या अवयवात कोणत्या तासाला नव्या साखळ्या तयार होतात, ते जिवंत गर्भातच पाहता आलं. २०२२ चं रसायनशास्त्राचं नोबेल पारितोषिक बर्टोझी, मेल्डाल आणि शार्पलेस यांना विभागून मिळालं.

या साधनालाही मर्यादा आहेत. खूण लावलेला मणी कुठे गेला ते कळतं. पण साखळीतले बाकीचे मणी कोणते, कोणत्या क्रमाने, हे त्यातून कळत नाही. त्यासाठी दुसऱ्या पद्धती वापराव्या लागतात.

एवढा खटाटोप कशासाठी? कर्करोगाच्या अनेक पेशी आपल्या अंगावर सियालिक आम्लाचा जाड थर चढवतात. रोगप्रतिकारक पेशी त्याला हात लावून पाहतात, 'हा आपलाच' असं समजतात आणि मागे फिरतात. हा थर विकराने छाटून टाकायचा, म्हणजे चोर उघडा पडेल, अशा औषधांचं काम माणसांवरच्या चाचण्यांपर्यंत पोचलं आहे. ती किती उपयोगी पडतात, हे त्या चाचण्यांतूनच ठरेल.

बॉम्बे गटाच्या रुग्णासाठी मात्र आजही दात्याचा शोध घ्यावा लागतो, कधी दुसऱ्या शहरात, कधी दुसऱ्या राज्यात. आपला रक्तगट 'ओ' असेल, तर पुढच्या रक्तदानाच्या वेळी रक्तपेढीत एवढं जरूर विचारा, की आपल्या पेशींवर फ्यूकोज आहे ना, याची तपासणी झाली आहे का. 'एच' प्रतिजनाची तपासणी म्हटलं की त्यांना कळेल. ते नसेल, तर आपण कुणाला तरी हवे आहात.