सातशे बरोबर सातशे?

‘फोर्झा होरायझन ५’ या खेळातल्या मेक्सिकोत दोन गाड्या सुरुवातीच्या रेषेवर उभ्या आहेत. एक डॉजची चॅलेंजर, लांबलचक बॉनेटखाली दणकट इंजिन असलेली. दुसरी माझ्दाची चिमुकली एमएक्स-५. ट्यूनिंग करून दोघींनाही एकाच गुणांकावर आणलंय : बी ७००. खेळाच्या हिशेबाने दोघी तुल्यबळ. शर्यत सुटते, सरळ रस्त्यावर चॅलेंजर सुसाट पुढे जाते, आणि नागमोडी वळणं सुरू झाली की माझ्दा तिला गाठते. जिंकणार कोण, हे त्या ७०० वरून कळत नाही. पुढे रस्ता कसा आहे, ते पाहावं लागतं.

या खेळात प्रत्येक गाडीला १०० ते ९९९ मधला एक आकडा मिळतो. ५०० पर्यंत डी, मग दर शंभराला सी, बी, ए, एस-१. ९९८ पर्यंत एस-२ आणि अगदी वरच्या ९९९ ला एक्स. इंजिनाची ताकद, वजन, टायर, गिअर, गाडीला खाली दाबणारी हवा असं सगळं मिळून हा एक आकडा. दहावीच्या टक्क्यांसारखंच हे. दोन मुलांना ८५ टक्के असतात. एकाला गणितात पैकीच्या पैकी, दुसऱ्याला भाषेत. बेरीज तीच, पण गणिताच्या स्पर्धेला दोघांना सारखंच धरून चालणार नाही.

गाडीचं ‘गणित’ आणि ‘भाषा’ म्हणजे सरळ पट्टा आणि वळण. सरळ पट्ट्यावर गाडीचं भांडण हवेशी असतं. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो आणि त्यावर मात करायला लागणारी शक्ती वेगाच्या घनाने. ताशी २०० किलोमीटरवरून २५० वर जायचं तर वेग सव्वापट होतो, पण हवेसाठी शक्ती जवळपास दुप्पट लागते. म्हणून सर्वोच्च वेगाचे शेवटचे दहा-वीस किलोमीटर फार महाग पडतात.

वळणावर हिशेब वेगळा. ५० मीटर त्रिज्येच्या वळणावर टायरच्या पकडीचा गुणांक १ असेल, तर गाडी जास्तीत जास्त ताशी ८० किलोमीटरने वळू शकते. गंमत अशी की शाळेत शिकलेल्या या सूत्रात वजन येतच नाही, ते दोन्ही बाजूंनी कटून जातं. मग जड गाडी वळणावर मागे का पडते? कारण खरा टायर शाळेच्या सूत्राइतका भोळा नसतो. त्याच्यावर भार दुप्पट केला तर पकड दुप्पट होत नाही, जरा कमीच भरते. शिवाय वळताना भार बाहेरच्या चाकांवर ढकलला जातो; त्या चाकांची पकड वाढते, पण आतल्या चाकांनी गमावलेल्या पकडीइतकी नाही. जड आणि उंच गाडी इथे दोनदा मार खाते. नेदरलँड्समधल्या डेल्फ्टच्या विद्यापीठातले हान्स पाचेका यांनी १९८०च्या दशकात टायरच्या या वागणुकीसाठी एक समीकरण मांडलं. अभियंते त्याला ‘जादूचं सूत्र’ म्हणतात, कारण ते भौतिकशास्त्राच्या मूलतत्त्वांतून काढलेलं नाही. मोजलेल्या आलेखांवर ते फक्त विलक्षण चपखल बसतं. वाहनांच्या आभासी प्रतिकृतींमध्ये ते आजही वापरलं जातं. संगणकाच्या पडद्यावर टायर किंचाळतो आणि गाडी हळूहळू बाहेर सरकते, त्यामागे अशा आलेखाचा उतार असतो.

आता एक छोटा हिशेब, जो मला फार आवडतो. एक किलोमीटरचा सरळ पट्टा २५०ऐवजी २६० च्या वेगाने पार केला तर सुमारे ०.५५ सेकंद वाचतात. वळणाचा १५० मीटरचा तुकडा ८०ऐवजी ९० ने पार केला तर ०.७५ सेकंद. तोच दहा किलोमीटरचा फरक. पण मंद जागी, इतक्या तोकड्या अंतरात, तो जास्त कमाई करून देतो. अर्थात फुकट नाही. त्या ९० साठी पकड २७ टक्क्यांनी वाढवावी लागते.

म्हणूनच ट्रॅक बदलला की क्रमवारी उलटते. ‘ग्रॅन टुरिस्मो ७’ या दुसऱ्या खेळात जपानचा त्सुकुबा आहे, जेमतेम दोन किलोमीटरचा, वळणांनी भरलेला. त्यातच फ्रान्सचा ल मांस आहे, साडेतेरा किलोमीटरहून लांब. त्याच्या सहा किलोमीटरच्या सरळ पट्ट्यात १९९० मध्ये दोन अडथळा-वळणं घातली गेली. खेळात ती असलेली आणि नसलेली, दोन्ही रूपं मिळतात. एकाच गाडीने दोन्ही चालवून पाहावं. तिचा गुणांक तोच राहतो, किंमत मात्र बदलते.

‘ग्रॅन टुरिस्मो ७’मधल्या गुणांकाला खेळाडू पीपी म्हणतात. सेटिंग बदलली की संगणक गाडीची नव्याने चाचणी घेतो : ४०० मीटरला किती वेळ, १००० मीटरला किती, वळणावर बाजूचा जोर किती. शर्यतीला मर्यादा असते, ६०० किंवा ७०० किंवा ८०० पीपी. मर्यादा आली की तिच्या कडेकडेने चालणारे आलेच. गिअरची गुणोत्तरं किंवा जादा वजनाची जागा विचित्र ठेवून खेळाडूंनी चाचणीत मंद आणि शर्यतीत वेगवान ठरणाऱ्या गाड्या शोधून काढल्या. नंतरच्या अपडेटमध्ये अशा काही वाटा बंद झाल्या. मला यात लबाडीपेक्षा चिकाटी जास्त दिसते. मोजपट्टी नेमकी कुठे वाकडी आहे, हे त्यांनी शोधलं.

खऱ्या शर्यतींनाही हा प्रश्न सुटलेला नाही. २००६ पासून चालत आलेल्या जीटी-३ गटात मागे इंजिन असलेली पोर्शे ९११ आणि पुढे ६.२ लिटरचं व्ही-८ इंजिन असलेली मर्सिडीज एकमेकींशी झुंजतात. आयोजक कुणावर वजन लादतात, कुणाच्या इंजिनाची हवा कमी करतात, आणि ट्रॅकनुसार ते आकडे बदलतात. एकच आकडा सगळीकडे चालत नाही, हे तिथे नियमातच मान्य केलेलं आहे.

घरबसल्या दोन गाड्यांची तुलना करायची असेल, तर खेळाडूच्या हाती एक चैन आहे, जी खऱ्या चाचणी-चालकाला कधीच मिळत नाही : हवामान तेच, इंधन तेवढंच, टायरची झीज बंद. बदलतो तो फक्त चालवणारा. आणि तो बराच बदलतो. पहिल्या गाडीवर हात बसतो, त्याचा फायदा दुसरीला मिळतो, आणि दुसरी गाडी ‘भारी’ वाटू लागते. म्हणून पहिली, दुसरी, दुसरी, पहिली असा क्रम ठेवावा. शिकण्याचा फायदा मग दोघींत साधारण सारखा वाटला जातो.

किती फेऱ्या? समजा, तुमच्या फेऱ्यांची वेळ साधारण अर्ध्या सेकंदाने मागेपुढे होते आणि गाड्यांमधला खरा फरक ०.२ सेकंद आहे. दोन-चार फेऱ्यांत तो दिसणार नाही. दिसला तरी विश्वास ठेवण्याजोगा नसेल. सरासरीतली अनिश्चितता फेऱ्यांच्या वर्गमुळाने घटते, त्यामुळे खात्रीने बोलायला प्रत्येक गाडीला सुमारे ५० फेऱ्या लागतात. त्सुकुबाची फेरी साधारण एका मिनिटाची धरली, तर एका संध्याकाळी जमेल : पहिलीच्या २५, मग दुसरीच्या ५०, आणि शेवटी पुन्हा पहिलीच्या २५.